मागच्या दाराची थाप

लाईट गेली. आता साडेदहाशिवाय काही यायची नाही. प्रीती, ती मेणबत्ती वाऱ्यातून आत घे. आणि वरद, तू असा माझ्या बाजूला ये, त्या शेडच्या दाराला टेकू नकोस. का ते कळेल.

भुताची गोष्ट सांगा म्हणून मघापासून माझा जीव खाताय, तर एक आधीच सांगतो. मुंजा, हडळ, पिंपळावरची बाई असलं काही माझ्याकडं मिळणार नाही. चाळीस वर्षं या उद्यमनगरात मी गाड्यांचा चेमटलेला पत्रा ठोकून सरळ केला. माणसं खोटं बोलतात, पत्रा बोलत नाही. गाडीला कुठून लागलं, काय लागलं, किती जोरात लागलं, ते मी नुसता हात फिरवून सांगायचो. आजवर एकाच पत्र्यानं माझी अक्कल बंद पाडली. जोतीराम मिस्त्रीला हरवणारा तो एकच. त्याची ही गोष्ट.

तारीख लक्षात आहे, १४ डिसेंबर २००३. रविवार.

कागलचा नागसेन शिंगे माझं जुनं गिऱ्हाईक. तेव्हा असेल तिशीतला. स्वतःची सुमो भाड्यानं चालवायचा आणि पोरापेक्षा जास्त जपायचा. त्याचे चुलते भाऊसो, त्यांना सगळे तात्या म्हणायचे. तात्या तीस वर्षं एसटीत कंडक्टर. रिटायर झाले आणि त्यांनी सगळ्या भावकीला घेऊन बुद्धगयेला जायचं काढलं. तीन गाड्या केल्या. पुढं ट्रॅक्स, मध्ये गाद्या, भांडी आणि आचारी घेतलेला टेम्पो, शेवटी नागसेनची सुमो. सत्तावीस माणसं, बावीस दिवसांचा प्रवास. सांची, सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर, सगळं करून आले. रोज सकाळी गाडी सुटायच्या आधी सगळे उभे राहून पंचशील म्हणायचे आणि मगच चाकं हलायची.

एवढ्या लांब तीन गाड्या न चुकता गेल्या त्या तात्यांच्या शिस्तीमुळं. कंडक्टर गेला तरी त्याची घंटी जात नाही बघा. सुमोत घंटी कुठली? मग तात्या खिडकीतून हात बाहेर काढून दारावर थाप मारायचे. एक थाप म्हणजे थांबा. दोन थापा म्हणजे चला. गाडी सोडायच्या आधी माणसं मोजायची, सगळी भरली की दोन थापा. बावीस दिवसांत घरातल्या लहान पोरांनाही ते पाठ झालं होतं. एका थापेला नागसेनचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

तात्यांचा हात मात्र ओळखू येण्यासारखा होता. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं अर्धं बोट गेलेलं. ९१ साली त्यांच्या एसटीखाली एका खेड्यात म्हातारी सापडली होती. जमाव आला. ड्रायव्हरला खाली ओढला. तात्या आतून दार धरून उभे होते, दार बाहेरून ओढलं गेलं आणि बोट त्यात तुटलं. ड्रायव्हर वाचला नाही. लोकांनी दगडांनी ठेचला त्याला, तात्यांच्या डोळ्यांदेखत. त्या दिवसापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट पक्की बसली होती... अपघात झाला तर थांबायचं नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्यांना उगाच राक्षस ठरवाल.

तर तो परतीचा शेवटचा दिवस. पहाटे औरंगाबादहून निघाले, दुपारी तीनच्या पुढं साताऱ्याला जेवले. घर चार तासांवर. तात्यांना आठवलं की कॉलनीत वाटायला काही घेतलंच नाही.

"बुद्धगयेस्नं आलो आणि रिकाम्या हातानं जायचं व्हय?" तात्या म्हणाले. "नागसेना, गावात जाऊन पाच किलो कंदी पेढं घिऊ. म्होरल्या गाड्या जाऊ द्यात. वाठारच्या धाब्यावर थांबतील त्या."

पेढ्यांचे बॉक्स ठेवायला सुमोत जागा नव्हती. म्हणून एक वळकटी वर टपावर टाकली, त्यासाठी ताडपत्रीची दोरी सोडली. नागसेन परत बांधायला वर चढणार, तर तात्या म्हणाले, "तू चालू कर गाडी, मी बांधतो." त्यांनी बांधली. पण घाईत दोरीचं टोक तसंच राहिलं. मागच्या दाराच्या शिडीजवळ, हातभर लांब, लोंबत.

सुमोत आठजण. पुढं नागसेन आणि तात्या. मध्ये नागसेनची आई तानाबाई, बायको ललिता आणि सहा वर्षांची शिवानी. मागच्या आडव्या सीटांवर तात्यांचा मुलगा प्रसेनजीत आणि दोन चुलतभाऊ. मागच्या काचेवर ताडपत्री उतरलेली, त्यामुळं मागचं काही दिसत नव्हतं.

तेव्हा हायवे चारपदरी व्हायचं काम चाललं होतं, आठवतंय का? नसेल, तुम्ही लहान होता. जागोजागी रस्ता खणलेला, मुरमाचे ढीग, धूळ, आणि डायव्हर्जनच्या तोंडाला हातात लाल-हिरवं निशाण घेतलेला एक माणूस. पेढ्यांच्या नादात तास गेला होता. पुढच्या गाड्या गाठायच्या म्हणून नागसेन जरा दाबूनच चालवत होता. किणीच्या अलीकडं अंधार पडला. घड्याळात सहा चाळीस.

समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, एका दिव्याचा. नागसेननं सुमो डावीकडं घेतली.

निशाणवाला तिथंच उभा होता.

आवाज झाला. नागसेन मला म्हणाला होता, "नाना, पोतं पडल्यासारखा आवाज न्हवता तो. ओला आवाज हुता." डावा दिवा फुटला. माणूस बॉनेटवर आला, काचेवर त्याचं तोंड एकदा आपटलं, अगदी तात्यांच्या समोर, डोळे उघडे... आणि तो बाजूनं मागं गेला. काचेवर रक्ताचा पट्टा राहिला. लाल निशाण वायपरमध्ये अडकून फडफडत होतं.

नागसेननं ब्रेकवर पाय ठेवला. गाडी थांबतच आली होती.

"काय करतुयास?" तात्या ओरडले. "थांबू नगंस!"

"तात्या, माणूस हाय त्यो!"

"बघिटलाय मी! ती बघ, बॅटऱ्या आल्या तिकडनं. गाडीत बायका हायत, ही पोर हाय. पेटवतील तुला, कळलं का?" तात्या मागं वळले आणि मोजू लागले. खरंच मोजू लागले. बावीस दिवसांची सवय. "एक, दोन, तीन... आठ. आपली सगळी हायत न्हवं? मग चल."

आणि खिडकीतून हात काढून त्यांनी दारावर दोन थापा मारल्या.

नागसेनचा पाय उठला. त्याला नंतर सगळ्यात जास्त ह्यानंच खाल्लं. डोकं नाही म्हणत होतं, पाय मात्र त्या दोन थापांना शिकलेला होता.

गाडी पळाली. तानाबाई तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. सकाळीच पंचशीलात 'जीव घेणार नाही' म्हणून हात जोडून आलेली माणसं ती. शिवानी म्हणाली, "आई, काय झालं?" ललितानं तिचं तोंड छातीशी दाबलं.

अर्धा किलोमीटर गेले असतील.

मागच्या दारावर थाप पडली.

एक.

नागसेनचा पाय ब्रेकवर गेला. तात्या खेकसले, "प्रसेनजीत! हात का मारतुयास रं?"

"मी न्हाय, तात्या."

"मग कोण?"

"... भायेरनं आला आवाज."

"दगूड मारला आसंल कुणीतरी. चल, चल तू!" परत दोन थापा. तशाच कडक.

गाडी पळाली. डायव्हर्जन संपलं, खडी सुरू झाली. मागून काहीतरी घासल्यासारखा आवाज येत होता. कधी टायरचा वाटावा, कधी पोत्याचा. मग परत.

एक.

आता जोरात. पत्रा आत वाकल्याचा टण् आवाज झाला. प्रसेनजीत सीटवरून उठून पुढं सरकला. आत वाकलेलं दार त्याच्या खांद्याला लागलं होतं.

"थांबवा गाडी," ललिता म्हणाली. "तात्या, पाया पडते, थांबवा."

"गप बस!"

"आवं थांबा म्हणून सांगतंय कुणीतरी! एक थाप म्हंजी थांबा न्हवं का?"

नागसेननं गाडी कडेला घ्यायला स्टिअरिंग वळवलं. तात्यांनी ते धरलं. एका हातानं स्टिअरिंग, दुसऱ्या हातानं नागसेनच्या कानाखाली. बाप गेल्यावर ज्यांनी वाढवला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हात उचलला. परत मारलं. नागसेनच्या ओठातून रक्त आलं. गाडी डावीउजवीकडं झोले खात होती, आत पोर किंचाळत होती, पेढ्यांचे बॉक्स फुटून पायाखाली आले होते.

आणि मागं...

एक.

थोड्या वेळानं...

एक.

मग नाही.

ते नाही झालेलं जास्त वाईट होतं, असं नागसेन सांगायचा.

वाठारचा धाबा आला. ट्रॅक्स आणि टेम्पो उभे. माणसं हसत पुढं आली, काच बघून थांबली. नागसेन उतरला आणि सरळ मागं गेला. धाब्याच्या ट्यूबच्या उजेडात त्यानं बघितलं.

दोरीचं टोक. ते माणसाच्या उजव्या मनगटाला तीन वेढे घालून रुतलं होतं, हाडापर्यंत. माणूस शिडीला लटकला होता. कमरेपासून खाली... नको. एवढंच सांगतो की खडीच्या रस्त्यावरून त्याला पाच किलोमीटर आणला होता. पायांत पाय राहिले नव्हते. मान छातीवर पडलेली.

नागसेन खाली बसला आणि जनावरासारखा ओरडला. "जित्ता हुता! तात्या, जित्ता हुता त्यो! थापा मारत हुता!"

दोर कापून त्याला खाली घेतला तोवर मागून डंपर आला. कामावरची पंचवीस-तीस माणसं. रस्ताभर पडलेल्या रक्ताच्या मागावर आली होती ती. पुढं मेलेल्याचा भाऊ. मेलेला सयाजी नावाचा, जवळच्याच वाडीतला, चाळिशीचा, घरी बायको आणि दोन मुली.

"गाडी कुणाची?"

"माझी," नागसेन म्हणाला.

मग जे झालं ते झालं. फावड्याचे दांडे, पहारी, लाथा. खालचे दात पहिल्याच दांड्याला गेले. उजवा हात कोपरातून उलटा झाला. ललिता त्याच्या अंगावर पडली, तर तिच्या पाठीवर चार-पाच दांडे बसले. तानाबाई सयाजीच्या भावाच्या पायांना मिठी मारून ओरडत होत्या, "मारा, पर जीव घिऊ नगासा!" भाऊ रडत होता आणि मारत होता. एकच विचारत होता, "थांबला का न्हाईस? का न्हाईस थांबला?"

नागसेननं तात्यांकडं बोट दाखवलं नाही.

तात्या चार हातांवर उभे होते. त्यांच्याकडं कुणी बघितलं पण नाही, पांढऱ्या कपड्यातला म्हातारा माणूस. ते तोंड उघडत होते, मिटत होते.

पोलीस आले म्हणून नागसेन जिवंत राहिला. दवाखान्यात जबाब घेतला. गाडी तू का थांबवली नाहीस? घाबरलो, म्हणाला. कुणी सांगितलं होतं का पळ म्हणून? नागसेन म्हणाला, "न्हाय. कुणी न्हाय. माझं मीच." तात्या पलंगाच्या पायथ्याशी बसून ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी शवविच्छेदनाचा कागद आला. सयाजीची मान पहिल्याच धडकेत मोडली होती. जागेवरच गेला. उजवा हात दोरीत करकचलेला, डावा खांद्यापासून निखळून तुटलेला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की मेलेलं माणूस तुम्ही ओढत आणलं, जिवंत नाही.

सगळ्यांना जरा हलकं वाटलं. मग प्रसेनजीतनं विचारलं.

"मग थापा कुणी मारल्या?"

...

आता माझा भाग. जानेवारीत पोलिसांनी गाडी सोडली आणि ती माझ्याकडं आली. मी नेहमीसारखा हात फिरवला. बॉनेट, दिवा, मडगार्ड, सगळं पत्र्यानं खरं सांगितलं. मागच्या दारावर काचेच्या खाली एक खोलगट जागा होती, वीतभर. बाहेरून आत दाबलेली. मी बाहेरून लाकूड लावलं, आतून हातोडी चालवली, तासाभरात सपाट केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर परत खोलगट. म्हटलं, पत्रा ताणला गेलाय. गरम करून ओढला. पुट्टी भरली, घासली, रंगाचा हात मारला. आरशासारखं झालं.

सकाळी पुट्टीचे तुकडे खाली फरशीवर पडलेले. आणि खळगा तिथंच.

त्या रात्री मी गॅरेजलाच झोपलो. मिस्त्री आहे मी, माझं काम कोण बिघडवतंय ते बघायला नको? पावणेतीनला जाग आली. आवाजानं.

एक.

बॅटरी मारली. गॅरेजमध्ये कुणी नाही, शटरला आतून कुलूप. ताजा रंग तडकून पडत होता. आणि या वेळी खळग्यात बोटं स्पष्ट दिसत होती. पंजा होता तो. मी खोटं सांगत नाही, त्या रात्री मी पोरासारखा भिंतीला पाठ लावून उजाडेपर्यंत बसलो.

सकाळी तात्या आले. गाडी बघायला म्हणून. महिन्याभरात माणूस निम्मा झाला होता. मी काही सांगितलं नव्हतं त्यांना. ते थेट मागं गेले, दारापुढं उभे राहिले. मग त्यांनी डावा हात वर केला आणि त्या पंजावर ठेवला.

बसला.

अंगठा, पहिलं बोट, मधलं. करंगळी. आणि करंगळीशेजारी पत्र्यात खळगा अर्ध्यातच संपत होता, जिथं तात्यांचं बोट संपत होतं.

अपघाताच्या वेळी तो माणूस पुढच्या सीटवर बसला होता. सातजण साक्षीला होते.

"जोतीराम," तात्या म्हणाले, हात तसाच ठेवून, "ही थाप मी मारली न्हाय रं."

मी हातातली हातोडी खाली ठेवली.

"मारायची हुती मी. येकच मारायची हुती." आणि मग तो तीस वर्षं एसटीत लोकांवर खेकसलेला माणूस दारावर डोकं टेकून हमसून हमसून रडला. मलाही रडू आलं, सांगायला लाज कसली.

तिथून ते पोलीस ठाण्यात गेले. पुन्हा जबाब दिला, कोर्टातही उभे राहून सांगितलं की पोरगा थांबत होता, मी मारून पळवायला लावली गाडी. नागसेनची शिक्षा कमी झाली, तात्यांनाही झाली. सुटून आल्यावर ते सयाजीच्या घरी गेले. पहिल्या वेळी त्याच्या भावानं दारातूनच ढकलून दिलं. तात्या दर महिन्याला जात राहिले, दाराबाहेर बसून परत येत राहिले. वर्षभरानं सयाजीच्या बायकोनं तांब्याभर पाणी आणून दिलं. एवढंच. पण गाडीत काही ते परत बसले नाहीत. कागलहून किणीपर्यंत चालत जायचे, एक दिवस जायला, एक यायला. म्हणायचे, गाडीत बसलो की मागं थाप पडते.

नागसेननं सुमोला दुसरं दार बसवलं आणि नंतर ती विकली. जुनं दार मी भंगारात दिलं नाही. माझ्या हातून दुरुस्त न झालेलं काम ते. कोण नेणार, आणि कुणाच्या घरी जाऊन वाजणार? ठेवलं मागच्या शेडमध्ये.

होय वरद, त्याच शेडमध्ये.

२००६ सालच्या डिसेंबरमध्ये तात्या गेले. किणीहून परत येताना, रस्त्याच्या कडेला बसले आणि बसल्या जागीच. मला रात्री नऊला फोन आला. मी कागलला जाऊन पोचवून आलो, सकाळी अंघोळ केली आणि का कोण जाणे, शेड उघडली.

दार होतं तिथंच होतं. तात्यांचा पंजाही होता, अर्ध्या बोटाचा.

त्याच्या शेजारी दुसरा पंजा होता. नवा. पत्र्यावर तीन वर्षांची धूळ, आणि त्या तेवढ्या जागेवर धूळ नव्हती. जरा लहान हात, जाड बोटांचा, कामाच्या माणसाचा. पाचही बोटं पुरी. मनगटाच्या जागी पत्र्यावर तीन बारीक रेघा, दोरीच्या वेढ्यांसारख्या.

दोन थापा.

प्रीती, दोन म्हणजे काय, सांगितलंय ना मी मघाशी?